खोकलं की लघवी होते, म्हणून ‘पिशवी’ काढू का?

पत्र थोडं कमी करून देते आहे. नाव अर्थातच नाही.

“वय ५३, पुण्यात कर्वेनगरला राहते. बँकेतून गेल्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली. दोन्ही बाळंतपणं खालूनच, दुसऱ्या वेळी चिमटे लावावे लागले. पाळी जाऊन तीन वर्षं झाली. शिंकले, हसले, भाजीची पिशवी उचलली की थोडी लघवी होते. हिवाळ्यापासून कोरडा खोकला जात नाहीये, त्यानंतर फारच वाढलंय. शिवाय बाहेरून येऊन कुलपात किल्ली घातली की अशी कळ येते की बाथरूमपर्यंत पोचत नाही. बीपीची गोळी चालू आहे, वजन ७६. एका डॉक्टरांनी मूत्रमार्गाखाली आधाराची पट्टी टाकायचं ऑपरेशन सांगितलं आणि त्याआधी युरोडायनॅमिक तपासणी, म्हणजे नळी घालून मूत्राशयातला दाब मोजतात ती. दुसरे म्हणाले, वय झालंय, पिशवीच काढून टाका. तिसरीकडे लेसर आणि मॅग्नेटिक खुर्चीचं पॅकेज आहे. एके ठिकाणी ‘आमच्या संशोधनात नाव घाला, खर्च लागणार नाही’ असं म्हणाले. मुलगी बंगळुरूहून रोज कुठलं तरी संशोधन पाठवते, त्यातलं एक दुसऱ्याच्या विरुद्ध. सासूबाई म्हणतात, बाईच्या जातीला हे चालायचंच. लक्ष्मी रोडला जायचं असलं तर मी सकाळपासून पाणी पीत नाही. काय करू?”

ताई,

आधी पिशवीचं बोलू, कारण ती एकदा काढली की परत बसवता येत नाही. लघवी गळते एवढ्याच कारणासाठी गर्भपिशवी काढू नका. बिघाड मूत्राशय, मूत्रमार्ग आणि त्यांना खालून तोलून धरणारे स्नायू यांच्यात आहे. पिशवी काढून तो सुधारत नाही. स्वीडनमध्ये पिशवी काढलेल्या दीड लाखाहून जास्त बायकांची, न काढलेल्यांशी तुलना केली होती. २००७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. पिशवी काढलेल्यांना पुढे गळतीसाठी ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त निघालं. मोठ्या गाठी, न थांबणारा रक्तस्राव, अंग बाहेर येणं अशी कारणं असती तर गोष्ट वेगळी होती. तुमच्या पत्रात त्यातलं काहीच दिसत नाही.

आता पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात ते. हिवाळ्यापासूनचा कोरडा खोकला आणि बीपीची गोळी. गोळीच्या पाकिटामागे औषधाचं नाव बारीक अक्षरात असतं, ते चष्मा लावून वाचा. शेवटी ‘प्रिल’ असेल, म्हणजे रॅमिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, तर कोरडा खोकला हा त्या औषधाचा ओळखीचा दुष्परिणाम आहे आणि बायकांमध्ये तो जास्त दिसतो. बीपीचे डॉक्टर गोळी बदलून देऊ शकतात. खोकला त्यानंतर काही आठवड्यांत जातो, क्वचित दोन-तीन महिने घेतो. प्राझोसिन असेल तर तेही त्यांना सांगा. ते मूत्रमार्गाचे स्नायू सैल करतं, त्यामुळे बायकांना गळतीचा त्रास होऊ शकतो. मात्र आपल्या मनानं गोळी बंद करायची नाही. दिवसभर खोकणाऱ्या बाईला आधी पट्टी टाकायची आणि खोकला नंतर बघायचा, हा क्रम मला उलटा वाटतो. त्याच फेरीत लघवीची साधी तपासणी आणि रक्तातली साखर बघून घ्या.

तुम्हाला दोन वेगळे त्रास आहेत. खोकताना, उचलताना होते ती दाबाची गळती: पोटात दाब वाढतो आणि खालचा आधार तेवढ्यात आवळला जात नाही. किल्ली घातल्यावर येते ती घाईची: मूत्राशय भरायच्या आधीच आकसायला लागतं. बऱ्याच बायकांना दोन्ही असतात. उपचार मात्र वेगवेगळे आहेत, आणि मुलगी पाठवते ती संशोधनं एकमेकांच्या विरुद्ध वाटतात त्याचं निम्मं कारण हेच असणार. एक दाबाच्या गळतीवरचं असतं, दुसरं घाईवरचं.

उरलेल्या निम्म्यासाठी तिला एकच प्रश्न विचारायला सांगा: तुलना कशाशी केली? १९९८ मध्ये अमेरिकेत, घाईची गळती असलेल्या १९७ वयस्क बायकांवर एक अभ्यास झाला. काहींना सवयी बदलण्याचं प्रशिक्षण दिलं, काहींना ऑक्सिब्युटिनिन हे औषध, काहींना नुसती खोटी गोळी. गळतीचे प्रसंग प्रशिक्षणानं सुमारे ८१ टक्क्यांनी कमी झाले, औषधानं ६९ टक्क्यांनी. आणि खोट्या गोळीनं? ३९ टक्क्यांनी! लक्ष दिलं, नोंद ठेवली, कुणी तरी आपलं ऐकून घेतलं, एवढ्यानंही हा आजार बराच नरमतो. म्हणून ‘आमच्याकडे इतक्या टक्के बायकांना फरक पडला’ असं कुणी म्हटलं, आणि शेजारी तुलनेचा गटच नसला, तर त्या आकड्याला मी फारशी किंमत देत नाही.

व्यायामाकडे येते. मी फिजिओथेरपिस्ट आहे, तेव्हा मी व्यायामाची बाजू घेणारच असं तुम्हाला वाटेल. वाटू द्या, आकडे बघा. कॉक्रेन ही संस्था जगभरचे अभ्यास एकत्र करून तपासते. तिच्या २०१८ च्या आढाव्यात १४ देशांतल्या १,८१७ बायकांवरचे ३१ अभ्यास एकत्र केले होते. दाबाची गळती असलेल्यांपैकी, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम शिकून केलेल्या ५६ टक्के बायकांनी गळती बरी झाल्याचं सांगितलं. काहीच न केलेल्यांमध्ये हे प्रमाण ६ टक्के होतं. हा व्यायाम अमेरिकेतले डॉक्टर अरनॉल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये मांडला, म्हणून त्याला केगेल म्हणतात. म्हणजे नवीन काही नाही, विकण्यासारखंही काही नाही. बहुधा म्हणूनच त्याचं पॅकेज निघत नाही.

तुम्ही म्हणाल, यूट्यूबवर बघून करते की. कराल, पण बरोबर होईलच असं नाही. १९९१ च्या एका छोट्या अभ्यासात ४७ बायकांना तोंडी सूचना देऊन स्नायू आवळायला सांगितलं. निम्म्याच बायकांना ते नीट जमलं आणि चौथा हिस्सा असं काही करत होता की गळती वाढावी. त्या आवळण्याऐवजी कुंथत होत्या.

घरी तपासून बघा. उताणं झोपा, गुडघे वाकवा, हातात छोटा आरसा धरा. वारा सरू नये म्हणून आपण जो भाग आवळतो तो आवळा, त्याच वेळी लघवी रोखल्यासारखं करा आणि सगळं आत, वर ओढा. योनी आणि गुदद्वार यांच्यामधली जागा आत जाताना दिसली पाहिजे. बाहेर फुगत असेल तर तुम्ही कुंथताय. मांड्या, नितंब सैल, श्वास चालू. पोट दगडासारखं झालं, भुवया वर गेल्या, की समजायचं भलतेच स्नायू कामाला लागलेत. योगातला मूलबंध शिकलेल्या बायकांना हे लवकर सापडतं. लघवी करताना मधेच धार थांबवून व्यायाम करायचा नाही; त्यानं मूत्राशय नीट रिकामं न होण्याची सवय लागू शकते.

उपचार कसे करावेत याच्या शिफारशी करणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेचं म्हणणं असं: एका वेळी किमान ८ वेळा आवळणं, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने, आणि तेही देखरेखीखाली. या ‘देखरेखी’वर मी तुमच्या बाबतीत जास्तच अडून बसेन. चिमट्याच्या बाळंतपणात या स्नायूला इजा होण्याची शक्यता जास्त असते. तुमचा स्नायू दोन्ही बाजूंनी नीट आकसतो का, हे बोटानं आतून तपासल्याशिवाय कळत नाही. पुण्यात बायकांच्या या स्नायूंचंच काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्ट आहेत. वेळ घेताना फोनवरच स्पष्ट विचारा, ‘पेल्विक फ्लोअरचं काम करता का, आणि आतून तपासता का?’ दोन्हींचं उत्तर हो आलं तरच जा. तपासणीला ‘नको’ म्हणायचा हक्क तुमचाच, तेही सांगून ठेवते. स्नायू किती आवळला ते दाखवणारी, आतून लावायची सेन्सरची यंत्रं घेऊ नका. ब्रिटनमध्ये ६०० बायकांवर दोन वर्षांची पाहणी झाली, २०२० साली ती छापून आली. यंत्रासह व्यायाम आणि नुसता व्यायाम, निकालात फरक नव्हता.

एक युक्ती मात्र आजपासून. खोकला येतोय असं वाटलं की आधी आवळायचं, मग खोकायचं. शिंक, पिशवी उचलणं, सगळ्याला तेच. मिशिगनच्या संशोधकांनी १९९८ मध्ये २७ वयस्क बायकांना हे आठवडाभर शिकवलं. मध्यम जोराच्या खोकल्यातली गळती सरासरी ९८ टक्क्यांनी, मोठ्या खोकल्यातली ७३ टक्क्यांनी कमी झाली. सत्तावीसच बायका होत्या, मान्य. पण फुकट आहे आणि तोटा काही नाही, तर वाट कशाची बघायची?

किल्लीच्या कळेला वेगळा डाव लागतो. कळ आली की आपण धावतो, आणि धावताना हमखास सांडते. धावायचं नाही. जिथे असाल तिथे थांबा, दाराला टेकलात तरी चालेल. पाच-सहा वेळा पटपट आवळून सोडा. कळ चढते तशी उतरतेही. उतरली की मग सावकाश बाथरूमकडे जा. सोबत तीन दिवस नोंद ठेवा: काय आणि किती प्यायलं, किती वाजता गेले, किती झाली, कधी गळली. मोजायला एक जुनं प्लॅस्टिकचं मापाचं भांडं बाथरूममध्ये ठेवायचं आणि ते परत स्वयंपाकघरात आणायचं नाही. दर तासाला शंभर-सव्वाशे मिली होत असेल तर मूत्राशयाला थोडक्यावर रिकामं व्हायची सवय लागली आहे. मग दोन खेपांमधलं अंतर आठवड्याला पंधरा मिनिटांनी वाढवत तीन-साडेतीन तासांवर न्यायचं. याउलट नोंदीत तीन वाजता चहा, चार वाजता चहा, साडेपाचला पाहुणे आले म्हणून पुन्हा चहा असं दिसलं तर सुरुवात कुठून करायची ते तुम्हालाच कळेल.

पाणी तोडणं बंद करा. घट्ट लघवी मूत्राशयाला डिवचते, बद्धकोष्ठ वाढतं, आणि कुंथण्यानं त्याच स्नायूंवर ताण येतो. दिवसाला दीड-दोन लिटर घ्या, फक्त घोटभर-घोटभर विभागून. लक्ष्मी रोडवर दोन तास खरेदी करणाऱ्या बाईला जायला धड जागा मिळत नाही याचा राग मलाही येतो. २०१६ मध्ये पुण्यात जुन्या बसगाड्यांमध्ये बायकांसाठी स्वच्छतागृहं सुरू झाली तेव्हा किती बरं वाटलं होतं! पण त्या गैरसोयीची किंमत तुमच्या मूत्राशयानं मोजू नये. पॅड लावा आणि पाणी प्या.

वजनाचं लिहिताना मला संकोच होतो, कारण डॉक्टरांकडे गेलेल्या प्रत्येक बाईला तेच ऐकावं लागतं. तरी आकडा चांगला आहे म्हणून सांगते. २००९ च्या एका अमेरिकी अभ्यासात ३३८ बायका होत्या. सहा महिन्यांत सरासरी ८ टक्के वजन कमी केलेल्यांची गळती ४७ टक्क्यांनी घटली, तुलनेच्या गटाची २८ टक्क्यांनी. तुमच्यासाठी ८ टक्के म्हणजे सहा किलो. चवळीची शेंग व्हायला कुणी सांगत नाहीये.

तीन महिन्यांनी घाई उरलीच, तर औषधं आहेत. जुन्या गटातली ऑक्सिब्युटिनिन, टोल्टेरोडिन, सोलिफेनासिन ही तोंड कोरडं करतात, बद्धकोष्ठ करतात. उतारवयात ती वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण जास्त दिसल्याचे अभ्यास २०१५ आणि २०१९ मध्ये आले. औषधामुळेच तो होतो हे त्यातून सिद्ध होत नाही, पण दुसरा पर्याय असताना मी तरी डॉक्टरांना तो विचारीन. मिराबेग्रॉन हा तो पर्याय. ते बीपी वाढवू शकतं, म्हणून तुमचं बीपी आटोक्यात असल्याची खात्री आधी हवी. पाळी गेल्यावर योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम घाईला आणि वारंवारच्या जंतुसंसर्गाला उपयोगी पडतं. स्तनाच्या कर्करोगाचा इतिहास असेल तर आधी सांगायचं. याच्याही पुढे मूत्राशयात बोटॉक्सची इंजेक्शनं आणि मज्जातंतूंना सौम्य विजेची चेतना देणं आहे. तिथपर्यंत जायची वेळ तुमच्यावर आलेली नाही.

लेसरला माझं उत्तर नाही. औषधं आणि वैद्यकीय यंत्रांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएनं जुलै २०१८ मध्ये ‘योनीचं पुनरुज्जीवन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या लेसर यंत्रांबद्दल इशारा दिला. ‘नाइस’नं गळतीसाठीचं लेसर फक्त संशोधनापुरतं वापरा असं म्हटलं आहे. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात पाळी गेलेल्या ८५ बायकांना, काहींना खरं आणि काहींना खोटं लेसर दिलं. योनीचा कोरडेपणा आणि दुखणं यांत वर्षभरानंतर दोन्ही गटांत फरक नव्हता. खुर्ची स्नायू आकसवते हे खरं, पण खोकल्याच्या क्षणी आपण होऊन आवळायला ती शिकवत नाही. तेच तर शिकायचंय.

पट्टीचं ऑपरेशन हे या सगळ्या यादीत वेगळं आहे, आणि इथे मी माझ्याच धंद्याच्या विरुद्ध जाणारा अभ्यास सांगते. २०१३ मध्ये नेदरलँड्समध्ये मध्यम ते तीव्र दाबाची गळती असलेल्या ४६० बायकांपैकी निम्म्यांना फिजिओथेरपी दिली, निम्म्यांना पट्टी. वर्षानंतर पट्टीच्या गटातल्या ९१ टक्के बायकांना सुधारणा वाटली, व्यायामाच्या गटातल्या ६४ टक्क्यांना. व्यायामानं सुरुवात केलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी वर्षभरात ऑपरेशन करून घेतलं. म्हणजे प्रामाणिकपणे तीन महिने व्यायाम करूनही खोकताना कपडे भिजत असतील तर ऑपरेशन करा, त्यात हार-जीत काही नाही. उरलेल्या निम्म्यांना मात्र सुरीची गरजच पडली नाही. त्या कुठल्या निम्म्यात आपण आहोत हे करून बघितल्याशिवाय कळत नाही. घाईवर पट्टीची खात्री नसते, कधी ती वाढतेही. म्हणून घाई आधी आटोक्यात आणलेली बरी.

मुलीनं पाठवलेल्या बातम्यांमध्ये ऑपरेशनात बसवायच्या प्लॅस्टिकच्या जाळीवरच्या खटल्यांच्या बातम्या असतीलच. त्यात दोन गोष्टींची सरमिसळ होते. अंग बाहेर येण्यासाठी योनीमार्गातून बसवायची मोठी जाळी एफडीएनं एप्रिल २०१९ मध्ये बाजारातून काढायला लावली. मूत्रमार्गाखालची अरुंद पट्टी तशाच जाळीची असली तरी वेगळी. ती १९९० च्या दशकात स्वीडनचे उल्मस्टेन आणि ऑस्ट्रेलियाचे पेट्रोस यांनी आणली, आणि १७ वर्षांनंतरही तिचे निकाल चांगले असल्याच्या नोंदी आहेत. तरी काही बायकांना पट्टीनंही दुखणं, पट्टी उघडी पडणं, लघवी अडणं असे त्रास झाले, आणि इंग्लंडनं २०१८ मध्ये तिचा सरसकट वापर थांबवला. म्हणून सर्जनला विचारा: अशी किती ऑपरेशनं करता, पट्टी काढायची वेळ आली तर कोण काढतं, आणि माझ्याच शरीरातल्या ऊतीची पट्टी करता का?

युरोडायनॅमिक तपासणी सगळ्यांना लागत नाही. २०१२ च्या एका अभ्यासात, साध्या दाबाच्या गळतीसाठी ऑपरेशन करायच्या ६३० बायकांपैकी निम्म्यांची ती केली, निम्म्यांची नाही. यश दोन्हीकडे ७७ टक्के. आधी ऑपरेशन झालेलं असेल, मूत्राशय रिकामं होत नसेल, मज्जासंस्थेचा आजार असेल तर ती हवी. तुमच्या बाबतीत व्यायामाआधी तरी नको.

लघवीत रक्त दिसलं, तुंबली, ताप येऊन दुखायला लागलं, किंवा बसायच्या जागी बधिरपणा आणि पायात अशक्तपणा आला, तर हे सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांनी ते निमूट सोसलं असणार. त्यांना विचारून बघा, त्यांनाही अजून होतंय का. ऐंशीच्या बाईलाही या व्यायामानं फरक पडतो.

राहिलं ते मोफत संशोधन. उपचारांची तुलना करणारे अभ्यास बायकांनी भाग घेतल्याशिवाय होत नाहीत, म्हणून मी त्याला सरसकट नको म्हणणार नाही. आपल्याकडे अशा चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत होते. ती २००७ मध्ये सुरू झाली आणि २००९ पासून नोंदणी सक्तीची झाली. त्यांच्याकडे सीटीआरआयचा नंबर मागा आणि मुलीला तो संकेतस्थळावर शोधायला सांगा. तुलना कशाशी होणार आहे तेही तिथेच कळेल. आचारसमितीची मंजुरी आहे का, संमतीपत्र मराठीत आहे का, इजा झाली तर उपचार कोण करणार आणि मधेच सोडता येईल ना, हे विचारा. संमतीपत्र घरी आणून सावकाश वाचायचा तुम्हाला हक्क आहे. ‘आत्ताच सही करा, जागा भरत आल्यात’ असं म्हणाले तर पर्स उचला आणि निघा. आणि स्टेम सेलचं, म्हणजे मूळ पेशींचं, इंजेक्शन देऊन वर पैसे मागत असतील तर तो अभ्यास नाही. आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गळतीसाठी असा उपचार विकता येत नाही.